व्हेरोनाला माहेर नव्हतं

'अवे वी गो' पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला सातवा महिना चालू होता. काल रात्री लेक झोपल्यावर तिसऱ्यांदा पाहिला, आणि आता लिहिल्याशिवाय राहवत नाहीये.

सिनेमा अमेरिकन, २००९चा. दिग्दर्शक सॅम मेंडिस. आदल्याच वर्षी 'रेव्होल्यूशनरी रोड'मध्ये त्याने एक संसार आपल्या डोळ्यांदेखत मोडताना दाखवला होता. त्यानंतर लगेच हा लहानसा, हसरा सिनेमा. लिहिलाय डेव्ह एगर्स आणि व्हेंडेला विडा या नवरा-बायकोने, आणि दोघांनी मिळून लिहिल्याचं जागोजागी जाणवतं. नवरा-बायकोची निम्मी बोलणी अर्धवट वाक्यांत होतात, तशीच ती इथे होतात.

बर्ट आणि व्हेरोना, लग्न न करता एकत्र राहणारं, तिशी ओलांडलेलं जोडपं. घर गारठलेलं, खिडकीला काचेच्या जागी पुठ्ठा. जवळ माणसं म्हणाल तर फक्त बर्टचे आईवडील. व्हेरोनाला सहावा महिना असताना ते सांगतात, आम्ही दोन वर्षांसाठी बेल्जियमला, अँटवर्पला चाललोय. बाळ यायच्या एक महिना आधी! आणि स्वतःचं घर दुसऱ्यांना भाड्याने देऊनही टाकलंय. दोघांची कामं कुठूनही करता येण्यासारखी, म्हणून मग ओळखीच्या माणसांची गावं बघत फिरायचं ठरतं. फिनिक्स, टूसॉन, मॅडिसन, मॉन्ट्रियल, मायामी.

फिनिक्सची आई पोरांदेखत पोरांना वाट्टेल ते बोलते. मॅडिसनची प्राध्यापक बाई बाबागाडी भेट दिली म्हणून हादरते, कारण तिच्या मते गाडी म्हणजे मुलाला स्वतःपासून दूर ढकलणं. ही दोन ठिकाणं जरा भडक झालीत, मान्य. नायक-नायिका सोडून बाकीचे सगळे वेडगळ दाखवलेत, ही दोघं फार शहाणी समजतात स्वतःला, अशी टीका तेव्हा काही समीक्षकांनी केली होती. मला ती पटत नाही. पोटात बाळ असताना बाई प्रत्येक घराकडे तशाच नजरेने बघते. इथे पोर कसं वाढेल, ही आई पोराशी कशी बोलते, याखेरीज दुसरं काही दिसतच नाही. मी बघत होते ना!

आमचा भाडेकरार अकरा महिन्यांचा होता आणि तो बरोबर माझ्या आठव्या महिन्यात संपत होता. घरमालकांना घर परत हवं होतं. आम्ही पुण्यात रोज संध्याकाळी घरं बघत होतो, जिने चढून मला धाप लागायची. आणि जो तो, अगदी एजंटसुद्धा, म्हणायचा, "ताई, पहिलं बाळंतपण तर माहेरीच ना? मग एवढी घाई कशाला?" आईला जाऊन दोन वर्षं झाली होती. बाबा दादाकडे नाशिकला. वाईचं घर बंद.

म्हणून मला हा सिनेमा घर शोधणाऱ्या जोडप्याचा वाटलाच नाही. माहेर नसलेल्या बाईचा वाटला. व्हेरोनाचे आईवडील ती कॉलेजात असतानाच गेले. बर्ट तिला लग्नाचं विचारत राहतो, ती नाही म्हणत राहते. माझे आईबाबा जिथे नसतील त्या लग्नाला काय अर्थ, एवढंच तिचं म्हणणं. टूसॉनला ती धाकट्या बहिणीला, ग्रेसला भेटते. एका दुकानात विकायला मांडलेल्या कोरड्या बाथटबमध्ये दोघी बहिणी बसतात आणि आईवडिलांचा विषय निघतो. व्हेरोना झालेल्या माया रुडॉल्फला आपण विनोदी नटी म्हणून ओळखतो, पण त्या टबात तिचा चेहरा बघा. दोघी बहिणी एकत्र बसल्या की तिथे माहेर तयार होतं, हे आपल्याकडच्या बायकांना कुणी समजावून सांगावं लागत नाही.

मॉन्ट्रियलचा भाग तर मी पहिल्या वेळी पुरा बघू शकले नव्हते. टॉम आणि मंच, कॉलेजचे मित्र. दत्तक घेतलेल्या पोरांनी भरलेलं, गजबजलेलं घर. टॉम हॉटेलात साखरेच्या खड्यांचं घर रचून त्यावर पाक ओततो. घर बांधून ठेवतो तो हा पाक, म्हणजे प्रेम, असं त्याचं सांगणं. बर्ट आणि व्हेरोनाला वाटतं, सापडलं आपलं गाव. आणि त्याच रात्री मंच स्टेजवर नाचत असताना टॉम बर्टला हळूच सांगतो की तिचा पाचवा गर्भपात झालाय. ती नाचतच राहते. त्या घरात प्रेमाला तोटा नव्हता, तरी दुःख आत शिरलंच.

मग मायामी. बर्टच्या भावाची बायको लेकीला टाकून निघून गेलेली. तिथे अंगणातल्या ट्रँपोलिनवर आडवी पडून ही दोघं एकमेकांकडून वचनं घेतात. लेक जाड असो की बारीक, चालेल ना? ती घाबरली की तिचं नीट ऐकशील ना? तिची भांडणं ती तुझी भांडणं ना? भटजी नाही, मंगलाष्टकं नाहीत, पण माझ्या लेखी लागलं त्यांचं लग्न. आमच्या सात पावलांत काय म्हटलं होतं ते मला आठवत नाही, ही वचनं मात्र पाठ आहेत.

दुसऱ्या दिवशी व्हेरोना बर्टला आपल्या घराची, लहानपणाची गोष्ट सांगते आणि मग दोघं तिथेच जातात. तिच्या आईवडिलांच्या रिकाम्या घरी. दारं उघडतात, पाण्याच्या काठाशी बसतात. पाच गावं हिंडून शेवटी ती बाळंतपणाला माहेरीच आली, फक्त ओटी भरायला तिथे कुणी नव्हतं.

पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा रात्रीचा एक वाजला होता. मी नवऱ्याला उठवलं आणि विचारलं, "वाईच्या घराची किल्ली कुणाकडे आहे रे?"

"दादाकडे असेल," तो अर्धवट झोपेत म्हणाला. मग उठून बसला. "का गं? जायचंय?"