नऊ जणांतले पाच आणि चार

महाराष्ट्रात विलीन व्हायचे की केंद्रशासित राहायचे, यावर गोव्यात जनमत कौल झाला तो १६ जानेवारी १९६७ रोजी. दरवर्षी सोळा जानेवारी जवळ आली की व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरू लागतो. त्याचा आशय असा: ‘१९६७ साली गोव्याने एकमुखाने महाराष्ट्राला नाकारले आणि मराठीला घरी पाठवले.’ त्याच्या मागोमाग उलटा मजकूर येतो: ‘गोवा आपलाच होता, ख्रिस्ती मतांनी हातचा गेला.’ दोन्ही पाठवणारे एकमेकांचे तोंड पाहणार नाहीत, पण कौल वाचताना चूक मात्र सारखीच करतात.

आधी ‘एकमुखाने’. मतदार होते ३,८८,४३२, मते पडली ३,१७,६३३. केंद्रशासित राहण्याचे चिन्ह दोन पाने, त्याला १,७२,१९१. महाराष्ट्रात विलीन होण्याचे चिन्ह फूल, त्याला १,३८,१७०. फरक ३४,०२१. बाद मते वगळली तर साडेपंचावन्न टक्के विरुद्ध साडेचव्वेचाळीस. ओसरीवर नऊ माणसे बसली असतील तर पाच एकीकडे, चार दुसरीकडे. निर्णयाला एवढे बहुमत पुरेसे होते आणि त्याप्रमाणे गोवा केंद्रशासित राहिला; त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्या चौघांना ओसरीवरून उठवून ‘सगळे गोंयकार (गोवेकर) असे म्हणाले’ हे कुठल्या हिशेबात बसते? सतरा हजारांवर थोडी माणसे इकडची तिकडे झाली असती तर हाच मजकूर उलट्या बाजूने फिरला असता, आणि त्यातही ‘एकमुखाने’ हाच शब्द असता.

यावर लगेच कोणीतरी सांगतो, ‘७०,७९९ जण मत द्यायलाच आले नाहीत, म्हणजे फरकाच्या दुपटीहून जास्त. तेव्हा खरा निकाल वेगळाच.’ हेही नको. न आलेल्यांच्या मनात काय होते ते आपल्याला कळायला मार्ग नाही. त्यांना आपल्या पंगतीत बसवून घ्यायचा हक्क कोणालाच नाही. जवळजवळ ब्याऐंशी टक्के मतदान म्हणजे भरघोसच.

आता ‘मराठीला नाकारले’. मतपत्रिकेवर भाषेचा प्रश्न नव्हताच. विचारले होते एवढेच: महाराष्ट्रात जायचे की केंद्रशासित राहायचे. (दमण-दीवपुढे महाराष्ट्राच्या जागी गुजरात होता.) विलीनीकरणाविरुद्ध रान उठवणारे ‘राष्ट्रमत’ हे मडगावचे दैनिक मराठीत निघत होते. फुलाला मत देऊ नका हे लोकांना मराठीतून सांगायचे आणि लोकांनी ते मराठीत वाचून पटवून घ्यायचे, याला मराठीचा पराभव म्हणणे जरा विनोदीच आहे. उलट भाषेचा वाद त्या दिवशी मिटला असता तर राजभाषेसाठी पुढे वीस वर्षे गोव्यात मोर्चे आणि आंदोलने कशाला झाली असती? राजभाषा कायदा १९८७ सालचा. त्यात देवनागरी कोकणी राजभाषा झाली आणि मराठीच्या वापराचीही तरतूद राहिली. कौलाने जे विचारलेच नव्हते त्याचे उत्तर कौलात शोधणाऱ्यांनी हा कायदा एकदा उघडून पाहावा.

‘ख्रिस्ती मतांनी गेला’ हा दावा जास्त चिवट आहे, कारण त्यात अर्धे खरे आहे. दक्षिण गोव्यातल्या ख्रिस्ती वस्तीच्या सासष्टी तालुक्यात दोन पानांना मते धो-धो पडली आणि पेडण्यासारख्या नव्या काबिजादीच्या, म्हणजे पोर्तुगीजांनी उशिरा मिळवलेल्या भागात फुलाचा जोर होता, हे खरेच. पण मतदान गुप्त होते. पेटीत चिठ्ठी पडते, तिच्यावर धर्म लिहिलेला नसतो. मग साधी बेरीज करून पाहू. त्या काळी गोव्यात ख्रिस्ती लोक एकतृतीयांशाहून थोडे जास्त. दोन्ही समाजांत मतदान सारखेच झाले असे धरले आणि एकूण एक ख्रिस्ती मत दोन पानांना गेले असे मानले, तरी गाडी चाळीस टक्क्यांच्या आत थांबते. पंचावन्नावर जायला उरलेली मते आणली कुणी? हिंदूंमधल्या चारातल्या निदान एकाने तरी दोन पानांवर शिक्का मारल्याशिवाय हे आकडे जुळत नाहीत. तो नेमका कोण, कुठल्या वाड्यावरचा, कुठल्या जातीचा, हे मात्र बेरजेतून निघत नाही. तालुक्याच्या आकड्यावरून शेजाऱ्याचे मत ओळखणारे खूप भेटतात. त्यांचा आत्मविश्वास थक्क करतो.

राहिला विलीनीकरणवाद्यांचा आवडता मुद्दा. कौल निष्पक्ष व्हावा म्हणून तेव्हाचे मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या सरकारने डिसेंबर १९६६ मध्ये राजीनामा दिला होता. जानेवारीत हरलेला त्यांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष (मगो) मार्चच्या विधानसभा निवडणुकीत तीसपैकी सोळा जागा घेऊन परत सत्तेवर आला. १९६३ मध्ये त्याला चौदा मिळाल्या होत्या, म्हणजे दोन वाढल्याच. ‘बघा, लोकांना पश्चात्ताप झाला!’ असे नाही. जानेवारीत अख्ख्या गोव्याची मते एकत्र मोजली, मार्चमध्ये मतदारसंघागणिक; सासष्टीत ढिगाने पडलेल्या मतांचा पेडण्यात उपयोग शून्य. शिवाय प्रश्नही बदलला होता. मगो हा बहुजनांचा, कुळांचा, भाटकारांपुढे, म्हणजे जमीनदारांपुढे, वाकून कंटाळलेल्यांचा पक्ष होता. राज्य भाऊंचे हवे पण मुंबईहून चाललेले नको, असे म्हणणारा माणूस या दोन्ही निकालांत सहज मावतो. आणि मार्चमध्ये मगोला मत देणारा प्रत्येक जण अजून फुलाच्याच बाजूचा होता, असेही त्या सोळा जागांवरून म्हणता येत नाही.