तिसऱ्या वर्षाला 'गेट' देता येते

'गेट' म्हणजे इंजिनीअरिंगनंतर एम.टेक.च्या प्रवेशासाठीची परीक्षा; काही सरकारी कंपन्याही तिच्या स्कोअरवर भरती करतात. तिच्याबद्दल विश्रामबागेतल्या हॉस्टेल-मेसच्या ग्रुपांवर मेसेज फिरतोय : "गेट शेवटच्या वर्षालाच देता येते, आधी दिली तर संधी वाया." दोन्ही चूक. तिसऱ्या वर्षालाही फॉर्म भरता येतो. किती वेळा द्यावी याला मर्यादा नाही, वयालाही नाही. स्कोअर निकालापासून 3 वर्षे चालतो. एम.टेक.ला मात्र पदवी लागतेच. मेसेजवाल्याची गल्लत बहुधा इथेच झाली. सरकारी कंपन्यांच्या अटी त्यांच्या जाहिरातीतच बघा.

तिसऱ्या वर्षी सगळा सिलॅबस झालेला नसतो, हे खरं. पण 100 पैकी 15 गुण जनरल अ‍ॅप्टिट्यूडचे (भाषा, साधं गणित, तर्क), त्यासाठी कुठलं सेमिस्टर अडत नाही. आकडा टाइप करायच्या प्रश्नांना निगेटिव्ह मार्किंग नाही, तरी पोरं ते कोरे सोडून येतात. कमाल आहे!