जरा बॅगेकडे बघता का?

एकट्याने परदेशी जाण्यात घाबरण्यासारखं काही नाही. विमान चालवायला माणूस असतो, जेवण जागेवर मिळतं, आणि शिक्का मारणाऱ्या साहेबांना आपण एकटे आलोय की सहकुटुंब, याचं सोयरसुतक नसतं. अडचण एकच. बॅगेकडे बघायला कोणी नसतं. स्वारगेटला शेजारच्या काकूंना "जरा बॅगेकडे बघता का, आलोच" म्हटलं की काकू बॅग तर सांभाळतातच, वर एसटी लागली तर कंडक्टरलाही थोपवून धरतात. हेच वाक्य विमानतळावर म्हटलं तर शेजारचा माणूस उठून चार खुर्च्या पलीकडे जाऊन बसतो, आणि बॅग बेवारस दिसली तर तिची चौकशी करायला बंदूकधारी येतात. तेव्हा पुण्यातून निघाल्यापासून मुक्कामी पोचेपर्यंत, चांगले चोवीस-तीस तास, आपण आणि बॅग.

सुरुवात वजनापासून. अमेरिकेच्या तिकिटावर बहुधा २३ किलोच्या दोन बॅगा असतात. याचा अर्थ ४६ किलो असा नाही. एक २५ ची आणि एक २१ ची भरली, तर काउंटरवरची मुलगी गोड हसून २५ वाली उघडायला लावते, आणि मग अख्ख्या रांगेच्या साक्षीने आपले बनियन आणि गुळाच्या पोळ्या या बॅगेतून त्या बॅगेत जातात. घरी वजन करताना बॅग थेट काट्यावर ठेवू नये. आकडा बॅगेखाली दडतो आणि तो वाचायला फरशीला गाल टेकवावा लागतो. आधी नुसतं आपण उभं राहायचं, मग बॅग उचलून उभं राहायचं, आणि वजाबाकी करायची. हुकाला लटकवायचा वजनकाटा असेल तर सोन्याहून पिवळं. भरणं २२ वर थांबवावं, कारण घरचा काटा आणि विमानतळाचा काटा यांचं अर्ध्या किलोवरून कधी पटत नाही.

थांबवणं मात्र आपल्या हातात नसतं. एकटाच निघालाय म्हणजे बॅगेत जागा असणारच, अशी सदाशिव पेठेपासून कोथरूडपर्यंतच्या तमाम आप्तांची ठाम समजूत असते. "एवढंसं तर आहे" म्हणत मेतकूट येतं, भाजणी येते, तिकडच्या नातवासाठी तांब्याचा तांब्या येतो. काउंटरवर विचारतात, "बॅग तुम्ही स्वतः भरलीत का? कोणी काही दिलंय का?" या प्रश्नाचं खरं उत्तर देताना जीभ अडखळू नये म्हणून प्रत्येक पुडा घरीच उघडून बघायचा आणि आपल्या हाताने परत बांधायचा. शिवलेलं, चिकटवलेलं, "उघडू नकोस हं" असं बजावून दिलेलं काहीही घ्यायचं नाही. मावशी रुसल्या तर रुसोत, दिवाळीपर्यंत येतात ताळ्यावर.

लोणच्याचं वेगळं. हातातल्या बॅगेत १०० मिलीपेक्षा मोठ्या डब्यातला द्रव चालत नाही, आणि सुरक्षा तपासणीच्या लेखी लोणचं, तूप, श्रीखंड ही सगळी द्रवंच. तिथे वाद घालणाऱ्याला रांगेतले बाकीचे पुणेकरही साथ देत नाहीत. म्हणून लोणचं चेक-इन बॅगेत जातं, आणि गळतं. विमान वर चढताना बाहेरचा दाब कमी होतो, बरणीत कोंडलेली हवा पसरते आणि आडव्या पडलेल्या बरणीतलं तेल झाकणाच्या आट्यांतून बाहेर ढकलते. यावर उपाय असा : काचेची बरणी नको, प्लास्टिकची घ्या. तोंडावर प्लास्टिकचा कागद, त्यावर झाकण, झाकणाभोवती चिकटपट्टीचे दोन वेढे, मग एकात एक अशा दोन झिपच्या पिशव्या, आणि हे सगळं जुन्या टॉवेलात गुंडाळून स्टीलच्या डब्यात. एवढं करूनही तेल आलंच तर ते टॉवेलला लागेल, पदवीच्या प्रमाणपत्राला नाही. तशीही प्रमाणपत्रं हातातल्या बॅगेत हवीत. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या चेक-इन बॅगेत चालत नाहीत, २०२२ सालापासून त्यांना बंदी आहे, कारण त्यातल्या तेलामुळे त्या पेट घेऊ शकतात. पॉवर बँकचा न्याय उलटा : ती फक्त हातातल्या बॅगेतच. मर्यादा १०० वॉट-अवरची. २०,००० एमएएचची पॉवर बँक साधारण ७४ भरते, म्हणजे चालते. पण काही कंपन्या विमानात ती वापरू देत नाहीत, तेव्हा फोन आधीच भरून ठेवा.

आता तारीख. परदेशी जाणारी पुष्कळ विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर १४ तारीख, वेळ ००:४० असेल, तर घर १३ ला सोडायचं असतं. १४ च्या संध्याकाळी औक्षण करून घेणाऱ्याचं विमान तोवर उतरून, धुऊन-पुसून दुसऱ्या गावाला गेलेलं असतं. पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून परदेशी थेट जाणारी विमानं बोटांवर मोजण्याइतकी, त्यामुळे बहुतेकांच्या नशिबी मुंबई. अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास, वेळ गूगलच्या मते तीन-साडेतीन तास, पण गूगलला शुक्रवार संध्याकाळचा खंडाळ्याचा घाट आणि तिन्ही लेन अडवून उतरणारे ट्रक सोसावे लागत नाहीत. हिशेब उलटा मांडा : सुटण्याच्या तीन तास आधी टर्मिनल, त्याआधी पाच तास घर. काउंटर बहुधा एक तास आधी बंद होतो आणि बंद म्हणजे बंद. एकट्याला अख्खी गाडी परवडत नाही म्हणून शेअर कॅब घ्यावी, तर ती कोथरूड, औंध, वाकड असं करत माणसं गोळा करते, आणि प्रत्येक फाटकाशी एक निरोप समारंभ होतो. दुसऱ्याच्या आजीला आपणही वाकून नमस्कार केला तर गाडी लवकर हलते.

काउंटरवर दोन गोष्टी पाहून घ्या. पुढच्या विमानाचाही बोर्डिंग पास मिळाला का, आणि बॅगेच्या पट्टीवर शेवटच्या गावाच्या विमानतळाची तीन अक्षरी खूण आहे का. बॅग निघाली शिकागोला आणि पट्टीवर फ्रँकफर्ट, हे तिथेच बोललात तर सुधारतं. पट्टीचा छोटा तुकडा बोर्डिंग पासामागे चिकटवून देतात, तो सुटून पडतो. आधी त्याचा फोटो.

सुरक्षा तपासणीत एकट्याची पहिली परीक्षा. ट्रे पुढे सरकतात आणि आपण रांगेत मागे. जोडप्यातला एक पुढे जाऊन सामान ताब्यात घेतो, आपलं सामान पलीकडे अनाथ. म्हणून क्रम ठरवून ठेवा : आधी पट्टा-जाकिटाचा ट्रे, मग लॅपटॉपचा, आणि सगळ्यात शेवटी ती बॅग जिच्या आतल्या कप्प्यात पाकीट, फोन आणि पासपोर्ट. पासपोर्ट उघड्या ट्रेमध्ये ठेवायचा नाही. आणि बॅग सॅकच हवी, ट्रॉली नको. याचं कारण विमानतळाच्या स्वच्छतागृहात कळतं. तिथलं दार आत उघडतं. आत ट्रॉली घेतली की दार लागत नाही, दार लावलं तर आपण मावत नाही. सात किलोची सॅक दाराच्या हुकाला टांगता येते, आणि हुक मोडका निघाला तर पुढून छातीशी बांधता येते. ऐकायला विचित्र वाटतं, पण एकट्या प्रवाशाची इभ्रत याच बारकाव्यावर अवलंबून असते.

सीट. रुंद विमानांत बहुधा तीन-तीन-तीन किंवा तीन-चार-तीन अशी मांडणी असते. खिडकीकडच्या तिघांत कडेला बसलात तर आतले दोघं रात्रभर तुम्हाला ओलांडून जाणार. मधल्या ओळीतली कडेची सीट घ्या. आतल्या माणसाला दोन्ही बाजूंनी वाट असते, त्यामुळे उपद्रव निम्म्यावर येतो. शेवटची ओळ नको, तिथे पाठ बहुधा मागे जात नाही आणि स्वच्छतागृहाची रांग आपल्या खांद्याला टेकून उभी राहते. एवढा अभ्यास करून मिळवलेल्या सीटवर बसलं की ती माणसं येतात. "तुम्ही एकटेच आहात ना? आमची जरा ताटातूट झालीये." बदल्यात देऊ केलेली सीट नेहमी मधली असते, आणि नेहमी मागची. माझं स्पष्ट मत : कडेच्या बदल्यात कडेची मिळत असेल तरच उठावं. त्यांच्या लग्नाला वीस वर्षं झालेली असतात, आठ तास त्यांनाही बरेच वाटतील. उठलातच, तर क्रूला लगेच सांगा, कारण विशेष जेवण सीटच्या नंबरावर येतं. नाहीतर तुमचं शाकाहारी ताट तो नवराच चट्टामट्टा करतो.

ते ताट निदान २४ तास आधी सांगावं लागतं, आणि दोन्ही विमानांसाठी नोंदलंय ना ते बघावं लागतं. "व्हेजिटेरियन" एवढंच म्हणू नका. 'व्हीजीएमएल' हा कोड घेतलात तर दूध-दही-तूप वर्ज्य, उकडलेल्या भाज्या आणि पश्चात्ताप. आपल्या वळणाचं हवं तर 'एव्हीएमएल', जैन हवं तर 'व्हीजेएमएल'. विशेष ताट सगळ्यांच्या आधी येतं, हे सुख. पण रिकामं ताट सगळ्यांबरोबरच उचललं जातं, त्यामुळे पाऊण तास ते मांडीवर, जेवणाची गाडी वाटेत आणि उठायची सोय नाही. जेवणाच्या गाड्या निघताना दिसल्या की आधी जाऊन यायचं, हा नियम कोरून ठेवा.

आणि चव लागत नाही. आचाऱ्याचा दोष थोडाच. केबिनमधला हवेचा दाब सहा ते आठ हजार फुटांवर असतो तितका ठेवतात. आपलं कळसूबाई ५,४०० फूट. म्हणजे महाराष्ट्रातल्या सर्वांत उंच शिखरापेक्षाही वर आपण चौदा तास बसून असतो, तेही एक पायरी न चढता. शिवाय हवा अतिशय कोरडी. नाक सुकतं, मीठ-साखर जिभेला कमी जाणवते, पाय सुजतात, आणि पोटातला वायू वेफर्सच्या पुड्यासारखा फुगतो. म्हणून निघायच्या दिवशी छोले, राजमा, मिसळ बंद. निरोपाची मिसळ आदल्या दिवशी उरकावी. बुटाच्या नाड्या सैल ठेवा, घोटे फिरवत राहा, दोन तासांनी एक फेरी मारा, पाणी मागून प्या. बरोबर बाकरवडी ठेवा. कोरडी असते, वास पसरत नाही आणि कळसूबाईच्या वरही तिची चव लागते. लसणाची चटणी मात्र नको, चौदा तास शेजार टिकवायचाय.

मग मधला थांबा. दीड तासाचा असेल तर ते पळणं, आठ तासांचा असेल तर ती शिक्षा. अडीच ते चार तास हे माणसासारखं. दोन्ही विमानं एकाच तिकिटावर हवीत. पहिल्याला उशीर होऊन दुसरं चुकलं तर कंपनी पुढच्यात बसवते. चार पैसे वाचवायला वेगवेगळी तिकिटं काढली असतील, तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही आलाच नाहीत, तिकीट बुडालं. शिवाय बॅग ताब्यात घेऊन पुन्हा द्यायला त्या देशात शिरावं लागतं आणि त्यासाठी व्हिसा नसतो. थांबा लांबलचक असेल तर काही कंपन्या हॉटेल देतात, पण न मागता नाही. तिकीट काढतानाच विचारा.

झोपायचं म्हटलं तर खुर्च्यांना मधे हात असतात, ते मुद्दाम असतात. सापडलाच आडवा बाक, तर सॅकचा पट्टा पायात अडकवून, पासपोर्ट सदऱ्याच्या आत, आणि गजर. गजरातच घात होतो. फोन विमान-मोडवर राहिला तर तो पुण्याचीच वेळ दाखवतो. दुबई आपल्या दीड तास मागे, दोहा अडीच, फ्रँकफर्ट उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार. तासांचं गणित जमतं, माणूस अर्ध्या तासावर फसतो, आणि दार तर सुटण्याच्या वीस मिनिटं आधीच बंद होतं. बोर्डिंग पासवरची वेळ त्या गावची असते. पुकारा होईल या भरवशावर राहू नका, बरेच मोठे विमानतळ आता मुके झालेत. गेट बदललं तरी फक्त पाटीवर बदलतं.

फुकट वायफाय ओटीपी मागतो, ओटीपी भारतातल्या नंबरावर येतो, आणि रोमिंग बंद. ते निघायच्या आधी चालू करा; त्याच बैठकीत बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा परदेशी वापरही. नाहीतर खिशात पैसे असून कॉफीच्या नुसत्या वासावर भागवावं लागतं. सिंगापूर विमानतळावरचा तो प्रसिद्ध ४० मीटरचा धबधबा बघायचा बेत असेल तर तो इमिग्रेशनच्या पलीकडे आहे. नुसत्या ट्रान्झिटवाल्याला टर्मिनल बदलणाऱ्या ट्रेनमधून त्याचं ओझरतं दर्शन होतं, तेवढ्यात हात जोडून घ्यावेत.

गेटपाशी हमखास मराठी कानावर येतं. मुलाकडे निघालेले काका-काकू असतात, "कुठले तुम्ही?" होतं, सिंहगड रोड निघतो, आणि मिनिटाभरात काकू म्हणतात, "तुम्ही बसलाच आहात ना? जरा आमच्या बॅगांकडे बघता का?" चार नग सोडून दोघंही दिसेनासे होतात. अशा वेळी ठामपणे "एकजण थांबा" म्हणावं. त्या बॅगांत काय आहे ते काकूंनाच ठाऊक, आणि साहेबांनी विचारलं तर आपल्याला सांगता यायचं नाही.

अमेरिकेला जात असाल तर पट्टीवर शेवटचं गाव लिहिलेलं असलं तरी सहसा पहिल्या विमानतळावर बॅगा स्वतः उचलून, कस्टम्समधून नेऊन पुन्हा द्याव्या लागतात. तिथल्या बदलीला तीन तास तरी हवेत. खाण्याचे पदार्थ तोंडी किंवा फॉर्मवर, विचारतील तसे जाहीर करा. जाहीर केलेलं जास्तीत जास्त काढून घेतील, लपवलेल्याचा दंड होतो.

सामानाच्या फिरत्या पट्ट्यावर बॅग आलीच नाही, तर हॉलबाहेर पाऊल टाकू नका. आतच काउंटर असतो, तिथे तक्रार नोंदवून नंबर घ्यायचा. मोडतोडीची लेखी तक्रार सात दिवसांत, उशिराची बॅग मिळाल्यापासून एकवीस दिवसांत. तो माणूस बॅगांच्या चित्रांचा तक्ता पुढे करतो आणि रंग विचारतो. काळा. खूण? हँडलला लाल साडीचा काठ. पुण्याहून आलेल्या प्रत्येक बॅगेला तो असतो, म्हणून घरी बॅग बंद करण्याआधी आतला आणि बाहेरचा एकेक फोटो काढून ठेवा. आत काय आहे तेही लिहावं लागतं. मेतकुटाला "पिवळी पूड" असं लिहू नका. "भाजलेल्या डाळींचं पीठ" लिहा, आणि कशाबरोबर खातात असं त्याने विचारलं तर मऊ भात आणि तूप, दोन्ही सांगा.