बघू गं तिथं गेल्यावर

"बघू गं तिथं गेल्यावर." या चार शब्दांवर घटस्फोट मिळत असेल तर मला कुणीतरी बरा वकील सुचवा.

म्युनिकला येऊन आम्हाला तीन वर्षं झाली. आधीचे दोन नाताळ पुण्याला पळालो होतो, त्यामुळे नाताळात इथं राहायची ही पहिलीच खेप. नवरा म्हणाला, आल्प्स दारात असताना घरात मटार सोलत बसायचं का? मीही भुलले. बर्फाचे डोंगर, लाकडी घरं, खिडकीत दिवे, आणि आम्ही दोघं. पाच दिवस, भाड्याच्या गाडीने. प्लॅन तो करणार, सामान मी भरणार. माती खाल्ली ती इथेच.

प्लॅन असा: इन्सब्रुकवरून ब्रेनरचा घाट ओलांडून इटली, एक रात्र बोल्झानो, मग व्हिन्शगाउ खोऱ्यात प्राड नावाच्या गावात तीन रात्री. प्राडच का? तर तिथून स्टेल्व्हिओचा घाट सुरू होतो. २७५७ मीटर उंच, आणि त्या बाजूने ४८ हेअरपिन वळणं. मोटरसायकलवाल्यांचे त्या वळणांवरचे व्हिडिओ हा माणूस रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बघत असतो. तिन्ही रात्रींचे पैसे भरून झाल्यावर, निघायच्या आदल्या दिवशी मी सहज विचारलं, "अरे, पण हिवाळ्यात तो चालू असतो का?"

"बघू गं तिथं गेल्यावर."

नसतो! बर्फ पडायला लागला की बंद करतात, तो उघडतो थेट मेच्या अखेरीला. हे शोधायला मला गाडीत बसून एक मिनिटही लागलं नाही. सांगितलं तेव्हा म्हणतो, "मग खोरं तर बघू. बर्फ तर असेलच." बर्फ! व्हिन्शगाउ हे आल्प्समधल्या सगळ्यात कोरड्या खोऱ्यांपैकी एक आहे. पाऊसच इतका कमी की लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी डोंगरातून पाट काढून शेतीला पाणी आणलं. म्हणजे शुभ्र नाताळ बघायला आम्ही निवडून निवडून कुठे गेलो, तर आल्प्सच्या माणदेशात.

२३ तारखेला पहाटे निघालो. ऑस्ट्रियाच्या मोटरवेला विनेट, म्हणजे पैसे भरून घ्यायचा रस्त्याचा पास लागतो, तो घेतला. मला वाटलं, झालं. कसलं झालं! ब्रेनरच्या रस्त्याला विनेट चालत नाही, त्याचा टोल वेगळा. इटलीत शिरलो की तिथे तिकीट घ्या आणि उतरताना पुन्हा पैसे मोजा. भाड्याच्या गाडीच्या हिवाळी टायरचे पैसे वेगळे दिले होते ते निराळेच. बरं, एवढे पैसे घेऊन रस्ता तरी द्या ना! ब्रेनरच्या अलीकडे ल्यूगचा जुना पूल आहे, तो थकला म्हणून १ जानेवारी २०२५ पासून त्यावर दोन्ही बाजूंना मुळात एकेकच लेन. गर्दीच्या ठरावीक दिवशी दुसरी उघडतात म्हणे. आम्ही मात्र तिथपर्यंत पोचायलाच अडीच तास घेतले.

गणपतीत मुंबई-गोवा हायवेवर मी नऊ तास अडकलेली बाई आहे. पण तिथे काय असतं? काचेवर टकटक होते. शेंगदाणे, वडापाव, उकडलेली कणसं, चहावाला थर्मास घेऊन दोन गाड्यांमधून तिरका चालत येतो. कुणीतरी खाली उतरून पुढे बघून येतो आणि उगाच सांगतो, "ट्रक पलटलाय." इथे अडीच तासांत एकही माणूस गाडीबाहेर आला नाही. शेजारच्या गाडीतले आजोबा स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत होते, जणू आपोआप मोक्ष मिळणार आहे. आणि मला बाथरूमला जायचं होतं. पुरुषांनी यावर काही बोलू नये.

तेवढ्यात भूकही लागली. म्हटलं, मागच्या सीटवरची कापडी पिशवी दे. त्या पिशवीत मी काय भरलं होतं ते सांगते. आईने पाठवलेलं उपम्याचं पीठ: भाजलेला रवा, वर कढीपत्ता-उडदाच्या डाळीची कोरडी फोडणी, नुसतं उकळतं पाणी ओतून पाच मिनिटं झाकायचं. सहा पुड्या, प्रत्येकीवर आईच्या अक्षरात "१ वाटीस २ वाट्या". शिवाय चिवडा, लिंबाचं लोणचं आणि एक छोटी इलेक्ट्रिक किटली.

नवरा गप्प. मग म्हणाला, "अगं, ती मी काढून ठेवली. जॅकेटं बसत नव्हती. आणि आपण इटलीत चाललोय, पंढरपूरला नाही. इटलीत काय खायचं ते..."

बघू तिथं गेल्यावर. बरोबर.

बोल्झानो सुरेख आहे, खोटं कशाला बोलू. नाताळचा बाजार होता, पोटभर खाल्लं, ओट्झी बघितला. १९९१ साली हिमनदीत सापडलेला तो ५३०० वर्षांपूर्वीचा माणूस, थंडगार खोलीत ठेवलाय, एका छोट्या खिडकीतून बघायचा. त्याच्या पोटात शास्त्रज्ञांना रानबोकडाचं मांस, हरणाचं मांस आणि गहू सापडला. हे मी तेव्हा कौतुकाने वाचलं. दुसऱ्या दिवशी रात्री आठवलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. पाठीत बाण घुसून मेलेला माणूस मरण्याआधी माझ्यापेक्षा बरा जेवला होता.

कारण २४ची संध्याकाळ. मी दहा वेळा म्हटलं होतं की प्राडला पोचायच्या आधी दुकानात जाऊ. "अगं, हे जर्मनी नाही, इटली आहे. इटालियन लोक रात्री अकरापर्यंत जेवतात." अरे बाबा, हा भाग पहिल्या महायुद्धानंतर इटलीकडे आला, त्याआधी ऑस्ट्रियाचा होता. प्रत्येक गावाला दोन नावं आहेत. बोझेन आणि बोल्झानो हे एकच शहर आहे हे कळेपर्यंत आमचं एक अख्खं भांडण झालं होतं! त्या खोऱ्यात घराघरांत जर्मन बोलतात आणि २४ला दुपारनंतर दारं लावून कुटुंबासोबत बसतात. साडेपाचला गावात शिरलो तर काळोख. दुकान बंद. पिझ्झेरिया बंद. बेकरी बंद, वर दारावर हसरा सांताक्लॉज. गेस्टहाउसमध्ये फक्त नाश्ता मिळतो हे बुकिंगवर लिहिलं होतं, पण वाचणार कोण? मालकीणबाईंनी किल्ली दिली, प्रेमाने "फ्रोहे वाइनाख्टेन", म्हणजे नाताळच्या शुभेच्छा, म्हणाल्या आणि घरच्यांकडे गेल्या. त्यांचा काय दोष.

जिन्याखाली एक टोपली होती. सफरचंदं. अख्खं खोरंच सफरचंदांचं, त्यामुळे पाहुण्यांसाठी फुकट. टोपलीत सात होती. मी चार उचलली, मग जनाची लाज वाटून एक परत ठेवलं, मग पुन्हा उचललं. खोलीत चाकू नाही, किटली नाही. पलंगावर कोट घालून बसून दोघांनी दोन-दोन सफरचंदं खाल्ली. कर्र कर्र. बाहेर चर्चच्या घंटा. तेवढ्यात सासूबाईंचा व्हिडिओ कॉल. "काय गं, केक खाल्लात का? बर्फात खेळलात का?" मागून हा ओरडतो, "मस्त चाललंय आई!"

२५लाही सगळं बंद. सकाळी नाश्त्याला मी चार पाव आणि चीजचे काप पेपर नॅपकिनमध्ये गुंडाळून पर्समध्ये घातले. हे मी केलं, जी लग्नात बुफेतून पोरांसाठी लाडू नेणाऱ्या बायकांना नाकं मुरडते. दिवसभर सफरचंदांच्या निष्पर्ण बागांतून हिंडलो. समोरच्या उतारावर बर्फ होता, नाही असं नाही. तपकिरी डोंगरावर एक पांढरा पट्टा, कृत्रिम बर्फाच्या तोफांनी फवारलेला, कपाळावर गंध ओढावं तसा. २६ला, म्हणजे तिथल्या सेंट स्टीफनच्या सुट्टीला, पिझ्झेरिया उघडला. वेटरने विचारलं, रिझर्वेशन? मी नवऱ्याकडे बघितलं. त्याने काय म्हटलं असेल ते सांगायला नको. नऊ वाजता टेबल मिळालं, शौचालयाच्या दारालगत.

२७ला परत. रेशेनचा घाट, मग ऑस्ट्रियातलं लांडेक, मग फर्नपासचा घाट. वाटेत रेशेनचं तळं लागतं, त्यात पाण्यातून चर्चचा मनोरा वर आलेला दिसतो. १९५० मध्ये धरणासाठी तिथलं ग्राउन गाव बुडवलं, घरं गेली, चौदाव्या शतकातला हा मनोरा तेवढा राहिला. कोयनेकाठचं ऐकत वाढलेली मी, एरवी तिथे तासभर उभी राहिले असते. पण त्याआधी पार्किंगची नाणी शोधली, मग तीन मिनिटांत फोटो काढला आणि हा म्हणाला, "चल, फर्नपासला गर्दी होईल."

झालीच. २७ शनिवार. स्कीवाल्यांची हॉटेलं शनिवार ते शनिवार, म्हणजे एक अख्खी जत्रा निघते आणि दुसरी येते, त्याच एका रस्त्याने. याने फोनवर गावागावांतून जाणारी वाट शोधली. म्हटलं, ऑस्ट्रियाच्या या टिरोल प्रांतात हिवाळ्यात शनिवार-रविवारी अशा आडवाटांवर परक्या गाड्यांना बंदी असते, कालच वाचलंय. "बघू." गावाच्या तोंडाशी पोलीस उभा. त्याने काच खाली करायलाही लावली नाही, नुसतं बोट गोल फिरवलं. वळा. रांगेत जिथे होतो तिथून किमान दोनशे गाड्या मागे जाऊन पुन्हा उभे राहिलो.

चार तासांचा रस्ता, नऊ तास. रात्री दार उघडलं तर समोर चपलांच्या स्टँडवर कापडी पिशवी. पाच दिवस शहाण्यासारखी बसलेली. मी जॅकेटही न काढता पाणी उकळत ठेवलं, दोन पुड्या फोडल्या आणि ओट्याशी उभ्या-उभ्या पातेल्यातूनच खायला लागले. हा बॅगा ठेवून आला, शेजारी चमचा घेऊन उभा राहिला आणि फोन दाखवत म्हणाला, "स्टेल्व्हिओ मेच्या शेवटी उघडतो म्हणे. जूनमध्ये जाऊ या का? जेवणाचं काय ते..."

त्याच्या हातातला चमचा मी काढून घेतला. पातेलं अजून सिंकमध्ये आहे. घासायचं कुणी ते बघू.