मोर्चात कोण नव्हतं?

मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी महाराष्ट्रातले सुमारे १७ लाख कर्मचारी आठवडाभर संपावर गेले, तेव्हा नाशिकला आमच्या घरात दोन तट पडले. वहिनी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. नोव्हेंबर २००५ नंतर लागल्या, म्हणून जुन्या पेन्शनला मुकल्या. त्या मोर्चाला गेल्या. दादाचं नाशिकच्याच अंबड औद्योगिक वसाहतीत छोटं वर्कशॉप आहे. तो मला फोनवर म्हणाला, “पगारवालेच रस्त्यावर येतात गं. माझ्याकडच्या पोरांना कुठली आलीय पेन्शन? ती दिसली का तुला मोर्चात?”

हाच सवाल मी लंडनमध्ये ऐकला होता. २०१० मध्ये आलेल्या सरकारने तूट भरून काढायची म्हणून सरकारी खर्चाला मोठी कात्री लावली. त्याविरुद्ध २६ मार्च २०११ला, शनिवारी, कामगार संघटनांचा मोर्चा हाइड पार्कवर गेला. माणसं लाखोंनी होती. मी व्हिसावर होते, सामील व्हायचा धीर झाला नाही, फुटपाथवर उभी राहिले. ग्रंथपाल, शिक्षक, परिचारिका, अग्निशमन दलाचे जवान, निवृत्त आजी-आजोबा, बाबागाड्या ढकलणारे आईबाप समोरून जात होते. सोमवारी ऑफिसात शेरा ऐकला, सरकारी नोकर आपापला पगार वाचवायला आले होते.

आमच्या त्याच ऑफिसात पहाटे साफसफाई करणारी बाई मोर्चात नव्हती. पुढे तिच्या घरभाड्याची सरकारी मदत कमी झाली, तिची मुलं जायची ते बालकेंद्र बंद पडलं. मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, शनिवारी तिची दुसऱ्या इमारतीत पाळी असते. पाळी बुडाली की त्या दिवसाचे पैसे गेले, आणि दोनदा बुडाली की काम गेलं. तिच्या पाठीशी ना युनियन होती, ना भरपगारी रजा. तिच्या मुलांच्या केंद्रासाठी त्या दिवशी घोषणा देत होते ते ग्रंथपाल आणि शिक्षकच.

म्हणून मला दादाचं म्हणणं पटत नाही. मोर्चाला कोण येऊ शकलं यावरून कपातीची झळ कुणाला बसली हे कसं ठरवणार? त्याच्या वर्कशॉपमधली पोरं आली असती, तर त्यांचा खाडा त्यानेच मांडला असता. हे मी त्याला म्हणाले. तो गप्प झाला, रागावलाही. पण त्याच्या बोलण्यातला एक काटा खरा आहे, आणि तो वहिनींच्या संघटनांना टोचायला हवा. कायम नोकरीतल्यांनी कंत्राटी माणसाला आपल्या मागणीत जागा दिली नाही, तर तो त्यांच्या मोर्चाकडे परक्यासारखा बघणारच. २०२५च्या पावसाळ्यात आश्रमशाळांमधल्या रोजंदारी कर्मचाऱ्यांनी नाशिकच्या आदिवासी विकास भवनासमोर बिऱ्हाड मांडलं, ते बाहेरच्या एजन्सीमार्फत होणाऱ्या भरतीविरुद्ध. पगाराची शाश्वती असलेले किती जण त्यांच्याशेजारी जाऊन बसले?

आणि ज्यांच्या हाताशी काहीच नाही ते येतच नाहीत, असंही आमच्या जिल्ह्याने खोटं ठरवलंय. ६ मार्च २०१८ला नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावरून किसान सभेचा लाँग मार्च मुंबईकडे निघाला. सुरगाणा, पेठ, दिंडोरी, कळवणचे आदिवासी शेतकरी वनजमिनीच्या हक्कासाठी, कर्जमाफीसाठी, रेशनसाठी १८० किलोमीटर चालले. दहावीच्या मुलांच्या परीक्षेत अडथळा नको म्हणून मुंबईतला शेवटचा टप्पा त्यांनी रात्रीत कापला. पायांच्या सालपटांचे ते फोटो मी इथे लंडनच्या लोकलमध्ये बघत होते आणि मला रडू आवरत नव्हतं.

मोर्चा निघाला त्या दिवशी आई नाशिकमधल्या मुंबई नाक्यावर पाणी वाटायला उभी होती. सुरगाण्याकडची एक बाई क्षणभर टेकली. आईने विचारलं, घरी कोण आहे? ती म्हणाली, “जाऊ हाये. गुरं, पोरं समदं तीच बघती. म्हनून तं मी आले.”

ती जाऊ कुठल्याच फोटोत नाही.