नेम त्यांचा, पदक माझं

मी झ्यूरिकला राहतो आणि स्वित्झर्लंडच्या नेमबाजी उत्सवांची जुनी पदकं जमवतो. बंदूक आजवर हातात धरलेली नाही. हा खुलासा घरी येणाऱ्या प्रत्येक मराठी पाहुण्यापुढे करावा लागतो, कारण कपाटाकडे नजर गेली की प्रश्न ठरलेला: "अरे वा! कधी जिंकलास?"

विकत घेतली म्हटलं की पाहुण्याचा चेहरा पडतो. स्वप्निल कुसाळेनं 2024 ला पॅरिसमध्ये ऑलिंपिकचं कांस्य मिळवल्यापासून तर कोल्हापूरकर फारच कडक झालेत. "आमच्यात पदक मिळवायचं असतंय, इकत घ्यायचं नसतंय," असं एकानं माझाच चिवडा खात मला सुनावलं.

मग मी इतिहास काढतो. 1824 साली आराऊला पहिला राष्ट्रीय उत्सव भरला. पुढे आज या गावी, उद्या त्या गावी. नेमबाजी, मिरवणुका, बिअर, भाषणं; थोडक्यात बंदुकांची जत्राच. 1855 च्या सोलोथुर्नपासून 1885 च्या बर्नपर्यंत उत्सवासाठी पाच फ्रँकची खास चांदीची नाणी निघाली, त्यांना शूत्सेनटालर म्हणतात. पदकं तर गावोगावची. लुगानोचं इटालियनमध्ये, लोझानचं फ्रेंचमध्ये... इथवर येतो तोच पाहुण्यांना शेवटची ट्राम आठवते. संध्याकाळी सहालासुद्धा.

पण पाहुणे परवडले. यंदा उन्हाळ्यात आई आली.

तिची नजर पडली ती माझ्या लाडक्या ब्राँझवर. गुडघा टेकून बसलेला नेमबाज, डोक्यावर हॅट, गाल बंदुकीच्या दस्त्याला टेकलेला. मिशीच्या खाचेत आणि कोटाच्या चुण्यांत सव्वाशे वर्षांचा काळपट तपकिरी थर. त्या थराकडे मी भिंग लावून तासन्‌तास बघतो. आईनं भिंगाशिवाय बघितलं आणि चिंच भिजत घातली. चिंच ती सांगलीहून घेऊन आली होती. इथे काय मिळतं न मिळतं!

वाटी मी शेवटच्या क्षणी उचलली.

"आई, याला हात लावायचा नाही. घासलं की किंमत उतरते."

"मळ काढला की उतरते?"

"हो."

"म्हणजे तू मळाचे पैसे दिलेस?"

"मळासकट दिले."

"किती?"

मी आकडा सांगितला, तोही थोडा कमी करून. आईनं मनातल्या मनात फ्रँकचे रुपये केले. ती बराच वेळ गप्प होती. भिजलेल्या चिंचेचं रात्री सार झालं, उत्तम झालं होतं.

जेवण उरकल्यावर तिनं सांगलीला मावशीला फोन लावला. इकडे जेवण उरकतं तेव्हा तिकडे मध्यरात्र होत आलेली असते, पण विषय तातडीचा होता.

"झोपली होतीस का? बरं, ऐक. माळ्यावरचा हंडा, देवघरातली समई, ते मोठं घंगाळ, काही म्हणजे काही घासायचं नाही. कामवालीलाही सांगून ठेव. मी आल्यावर बोलू, फोनवर नको."