‘पाच वर्षांनी 34 विरुद्ध 22’: आकडे खरे, निष्कर्ष घाईचा

दावा असा फिरतो: ‘फुप्फुसाच्या कर्करोगात ऑपरेशन केलेल्या 100 पैकी 34 रुग्ण पाच वर्षांनी जिवंत असतात, रेडिएशनचे शेक घेतलेल्यांपैकी फक्त 22. आकडेच बोलतात. रेडिएशन निवडणारा वेडा.’

‘आकडेच बोलतात’? मग सगळेच बोलू द्या. संशोधक बार्बरा मॅक्नील आणि सहकाऱ्यांनी 1982 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकात हेच आकडे वापरले होते, पण दोन टप्पे आणखी देऊन. ऑपरेशनमध्ये किंवा त्यानंतर लगेच 10 जण दगावतात, वर्षअखेर 68 उरतात, पाच वर्षांनी 34. शेक घेताना कोणी दगावत नाही. वर्षअखेर 77, पाच वर्षांनी 22. म्हणजे सुरुवातीला रेडिएशन पुढे, नंतर ऑपरेशन.

आता ‘34 मोठे, म्हणून ऑपरेशन सरस’ हे तपासू. टप्पे सरळ रेषांनी जोडून रेषेखालचे क्षेत्रफळ काढा; 100 जण मिळून किती वर्षे जगले (व्यक्ति-वर्षे), ते त्यातून कळते. ऑपरेशन: पहिल्या वर्षी (90+68)÷2 = 79, पुढच्या चार वर्षांत (68+34)÷2×4 = 204; एकूण 283 व्यक्ति-वर्षे. रेडिएशन: 88.5 + 198 = 286.5. ढोबळ हिशेब आहे, पण पहिल्या पाच वर्षांत दोन्ही उपचार जवळजवळ बरोबरीत निघतात. ऑपरेशनची खरी कमाई पाचव्या वर्षानंतर, त्या जास्तीच्या 12 जणांत आहे.

ती कमाई कोणाला किती मोलाची? इथे निर्णयशास्त्र लागते. रुग्णाला विचारायचे: नाणेफेकीत छापा आला तर लगेच मृत्यू, काटा आला तर 10 वर्षे, त्याऐवजी खात्रीची किती वर्षे घ्याल? ‘पाच’ म्हणणारा सरासरीवर चालतो. ‘अडीच-तीन’वर समाधानी असणाऱ्याला जवळची वर्षे जास्त मोलाची, आणि टेबलावरच मरण्याची 10% शक्यता त्याला महाग पडते. अशा माणसाने रेडिएशन निवडले तर तो वेडा नाही, हिशेबी आहे.

शब्दांचेही पाहा. त्याच 1982च्या अभ्यासात ‘किती जगतात’ असे सांगितल्यावर 18% लोकांनी रेडिएशन निवडले. तीच माहिती ‘किती मरतात’ अशी मांडल्यावर 44% लोकांनी. डॉक्टरही याला अपवाद नव्हते. फिरणारा दावा फक्त जगणाऱ्यांचे आकडे देतो, हे विसरू नका.

शिवाय हे आकडे जुने. आज ऑपरेशनमधले मृत्यू 10%पेक्षा बरेच कमी आहेत, नेमक्या गाठीवरचे रेडिएशनही सुधारले आहे. लवकर सापडलेल्या गाठीत, तब्येत झेपणारी असेल तर ऑपरेशनच सहसा पहिली निवड असते. पण ती त्या रुग्णाच्या आजच्या आकड्यांवरून ठरते.

असे दोन आकडे समोर आले की आधी विचारा: दोन्ही गटांचा कर्करोग एकाच टप्प्यातला होता का? धडधाकट तेवढे ऑपरेशनला आणि थकलेले रेडिएशनला, अशी वाटणी झाली होती का? घड्याळ निदानापासून सुरू केले की उपचारापासून? आणि पाचव्या वर्षी निरीक्षणाखाली प्रत्यक्ष किती जण उरले होते? पाच-सातच असतील, तर एका मृत्यूनेही टक्केवारी धाडकन खाली येते.